गहू भिजवले, पण बोलावलं नाही

मी कायमची परत आले, हे पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत होते. पहिल्या दिवसापासून कोणी ऐकत नव्हतं.

अकोल्याच्या स्टेशनवर भाऊ घ्यायला आला होता. माझ्यापेक्षा लहान, पण आता त्याचेही केस पिकले. माझ्या चार बॅगा बघून म्हणाला, "बाप्पा! एवढ्या बॅगा? बाई, महिनाभरासाठी का दुकान घेऊन आली?" आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मी म्हटलं, "महिनाभर नाही रे. मी आता कायमची आले आहे." तो हसला आणि बॅगा उचलायला लागला. "हाव हाव. उन्हाया लागू दे, मंग पाहू."

पस्तीस-छत्तीस वर्षं कॅनडात काढली. नवऱ्याची तिथे कारखान्यात नोकरी, मी एका बेकरीत पाव पाकिटात भरायचं काम करायची. मुलगा तिथेच जन्मला, तिथेच रमला. नवरा गेला, त्यानंतरचा एक हिवाळा मी मुलाच्या घरी खिडकीशी बसून काढला. वाईट काहीच नव्हतं. सून चांगली, घर गरम. पण बर्फ पडताना आवाज होत नाही, हे मला त्या वर्षी फार जाणवलं. सकाळी उठावं तर बाहेर सगळं पांढरं, आणि कोणी काही बोललेलं नाही. मी मुलाला म्हटलं, मी चालले. तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, घरी. तो घाबरला. त्याला वाटलं, आईचं डोकं फिरलं.

तर अकोल्यात महिनाभर भावाकडे राहिले. वहिनी माझी जिवाची. पण तिने काय केलं, ठेवणीतली चादर काढली. नवा टॉवेल काढला, त्याचा रंग माझ्या अंगाला लागला. प्यायला विकतचं बाटलीतलं पाणी. वरणात तिखट नाही, भाजीत तिखट नाही. मी म्हटलं, जरा ठेचा असेल तर दे. तर म्हणते, "नका वो बाई, तुमाले झेपत नाई आता. पोट बिघडलं तं भाचा मले इचारीन." जेवून मी ताट उचललं की ती धावत यायची, "राहू द्या वो, राहू द्या." मी आपली रिकाम्या हाताने उभी. भाऊ मला नातेवाइकांकडे फिरवायचा. "आमची कॅनडाची बाई." प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी चिवडा, आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न, "कवा आल्या? मंग जानं कवा हाये?" मी सांगायची, जाणार नाही, कायमची आले. ते म्हणायचे, वा वा, आणि मग विचारायचे, तिकीट महाग झालं असन ना आता?

एका दुपारी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, तिकीट कवाचं काढलं? नाई, म्हनजे कसं, लोनचं आंधी केलं तं मुरते. बांधून द्याले बरं."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं हो. तिला खरंच मला लोणचं बांधून द्यायचं होतं. पण मी त्या रात्री ठरवलं आणि आठ दिवसांत अमरावतीला आले. आमचा फ्लॅट होता तिथे. नवऱ्याने म्हातारपणासाठी घेऊन ठेवलेला, दुसरा मजला, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. भाऊ सोडायला आला, गॅसचं बघितलं, पंखे लावून बघितले, आणि दाराशी येऊन म्हणाला, "बाई, एकटी कशी राहशीन?" मी म्हटलं, राहीन. तो गेला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज ऐकत मी उभी राहिले, खाली गाडी सुरू झाली तोवर.

आता एकटं राहणं काय असतं ते सांगते. सकाळी सगळ्या घरांतून कुकरच्या शिट्या येतात, कोणाची कोणती ते आपल्याला कळत नाही. भाजीवाला ओरडतो, आपण पाव किलो वांगी घेतो, तीच दोन दिवस पुरतात. भाकरी एकच थापायची तर पीठ मळायलाच लाज वाटते. मी बोलायला लागले स्वतःशी. "चला, चहा ठेवू." "अरे, साखर कुठे गेली?" आणि एके दिवशी माझ्याच ध्यानात आलं, मी स्वतःशीसुद्धा पुस्तकातलं बोलते आहे!

हे कसं झालं, तेही सांगितलं पाहिजे. आमच्या गावात कॅनडात मराठी लोकांचं मंडळ होतं. सगळी पुण्याकडची, कोल्हापूरकडची. मी नवी नवी गेले तेव्हा गणपतीत म्हटलं, "मले बी द्या न पोयी." तर बायका इतक्या हसल्या, इतक्या हसल्या. वाईट नव्हत्या त्या, पण हसल्या. एकीने तर पुढचे दोन महिने मला भेटली की "मले बी द्या" म्हणून दाखवलं. मग मी हळूहळू 'मला' शिकले, 'पोळी' शिकले, 'करतो'च्या जागी 'करते आहे' शिकले; आमच्याकडे बायाही 'करतो'च म्हणतात. लोक म्हणतात परदेशात जाऊन इंग्रजीने भाषा गेली. माझी वऱ्हाडी इंग्रजीने नाही नेली, ती मराठीनेच नेली.

आणि गंमत बघा, इथे अमरावतीतही माझ्याशी कोणी वऱ्हाडी बोलेना. खालच्या मजल्यावर एक बाई राहते, चाळिशीची, सोबत तिची सासू, माझ्याच वयाची असेल किंवा वर्षा-दोन वर्षांनी मोठी. ही सून जिन्यात भेटली की म्हणायची, "काकू, आपल्याला काही हवं असल्यास निःसंकोच सांगा." अगदी बँकेतल्या पाटीसारखं. मीही म्हणायची, "हो, नक्की सांगेन, धन्यवाद." आणि घरात येऊन खिडकीशी उभी राहिले की खालून तिचाच आवाज यायचा, सासूशी, "अवं माय, तुमाले कितीदा सांगतलं, गोयी घेतली का नाई? कायले मले ताप देऊन राहिल्या?" मी ते ऐकत उभी राहायची. कान देऊन, चोरासारखी.

होळी झाली आणि गच्चीवर वाळवणं सुरू झाली. आमच्याकडे हे काम सावडीने चालतं. सावड म्हणजे शेतात कशी, आज तुझ्या वावरात सगळे, उद्या माझ्या. तसंच पापडाचं, शेवयांचं, कुरडयांचं. तू माझ्याकडे लाट, मी तुझ्याकडे लाटते. मी वर गेले. सहा-सात बाया गोल बसून पापड लाटत होत्या, बाजूला कुरडया वाळत होत्या, त्यात समोरच्या घरच्या भाभीही, मुसलमानाच्या, आणि त्यांची वऱ्हाडी तर सगळ्यांत झणझणीत. मला बघून सगळ्या गप्प झाल्या. एकीने उठून खुर्ची आणली. खालच्या सुनेने वाटीत चीक दिला, कुरडयांचा गरम चीक, वर साखर. "काकू, बघा कसा झालाय." मी म्हटलं, मलाही लाटणं द्या, मी बसते खाली. "नको काकू, गुडघे दुखतील." भाभी म्हणाल्या, "तुमी आरामात बसा, तुमी तं चार दिवसाच्या."

चार दिवसांच्या! मी चीक खाल्ला, छान झालाय म्हटलं आणि खाली आले.

दोन दिवस मी विचार केला. मला त्या पापडांत काय मिळणार होतं? एकटीला पापड लागतात किती? मुलगा फोनवर म्हणालाच, "आई, कुरडया ऑनलाइन मिळतात, दोन दिवसांत घरी येतात." पण मला कुरडया नको होत्या. मला सावडीत यायचं होतं. मग मनाशी म्हटलं, सरळ आहे, माझ्या घरी काम निघालं तर त्या येतील, त्या आल्या की मला त्यांच्याकडे जावंच लागेल. खुर्चीवर बसवून फेड होत नसते.

मी गहू आणले. पितळी सोऱ्या आणला, नवा. पातेलं घरात मोठं नव्हतं, तेही आणलं. आणि गहू भिजत घातले.

आता इथे मी जे केलं ते ऐकून तुम्ही हसाल. मी कोणालाही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? माझं माहेर चांदूर रेल्वेकडचं खेडं. आमच्या आळीत कुरडयांना कोणी कोणाला बोलावत नसे. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी असा आंबूस वास सुटतो की चार घरं ओलांडून जातो. वास आला की बाया समजायच्या, हिच्या घरी उद्या चीक. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कंबर खोचून हजर. एकदा मी लहान असताना आईला म्हटलं, मी बोलावून येऊ का सगळ्यांना? तर आई म्हणाली, "बोलावनं पावन्याले असते. घरच्याले कायचं बोलावनं?" ते माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की मला वाटलं, मी दार वाजवून बोलावलं, तर संपलंच. मीच सांगितल्यासारखं होईल की बाई, मी परकी. म्हणून मी गप्प राहिले. फक्त तिसऱ्या दिवशी दार उघडं ठेवलं, वास जिन्यातून खाली जावा म्हणून. पंखाही दाराकडे तोंड करून लावला. वास भरपूर सुटला होता. मी खूश होते.

गहू वाटले, गाळले, पिळले. हात भरून आले, पण उत्साह होता. रात्रभर चीक तळाशी बसला, सकाळी वरचं पाणी ओतून दिलं. गच्चीवर प्लास्टिक अंथरून आले, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. सहा-सात जणींना पुरेल एवढा चहा ठेवला. आधण ठेवलं, मीठ घातलं, हिंग घातला. चीक ओतला आणि हलवायला लागले. चीक हलवणं एकटीचं काम नाही. एकीने धार धरायची, दुसरीने दोन्ही हातांनी हलवायचं, नाहीतर गाठी होतात. मी एका हाताने ओतत होते, एका हाताने हलवत होते आणि कान जिन्याकडे.

कोणी आलं नाही.

गॅस बारीक केला. म्हटलं, पोरांचे डबे असतील, येतील. चीक शिजला, चकाकी आली. खाली उतरवला. चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून घालावा लागतो, गार झाला की दगड. मी पातेलं दोन्ही हातांनी धरून जिना चढले, प्रत्येक पायरीवर थांबत. गच्चीवर पहिला सोऱ्या भरला आणि दाबला. दाबला जाईना. खांदा दुखायला लागला. कशीबशी एक कुरडई पडली, तुटक, अर्धी. दुसरी त्याहून वाईट. ऊन वर आलं होतं. मी तिथेच प्लास्टिकच्या कडेला बसले. पातेल्यातला चीक वरून घट्ट होत होता, त्याला साय धरल्यासारखी झाली होती. खाली रस्त्यावर स्कूटर चालू होत होत्या. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, मुलाला वाटलं होतं ते खरं. मी चुकले. ज्या घरी यायला निघाले होते, ते घर आता कुठेच नाही.

जिन्यात पावलं वाजली. खालची सून, नाकाला ओढणी लावलेली. "काकू, आपल्याकडे काही खराब झालंय का? सासूबाईंना कालपासून मळमळतं आहे..." आणि तिने पातेलं बघितलं. सोऱ्या बघितला. त्या दोन तुटक्या कुरडया बघितल्या. तिच्या तोंडावरून ओढणी गळाली, आणि बरोबर ते 'आपण'ही.

"अवं माय! काकू! कुरोड्या? एकट्यानं? काहून नाई सांगतलं वो?"

मी म्हटलं, "सांगायचं काय त्यात. वास नाही आला का?"

"वास आला ना! कालपासून येऊन राहिला! आमाले वाटलं उंदीर मेला. यायनं तं काल पूरा पलंग सरकवून पाह्यला." यायनं म्हणजे तिच्या नवऱ्याने. "मंग वाटलं, तुमचा फ्रीज बंद पडला असन."

तेवढ्यात खालून हाका. "काय हाये वं वर? सापडला का उंदीर?" आणि कठड्याला धरून धापा टाकत सासू वर आली. पातेल्यात बघितलं. बोटाने चीक काढला, तोंडात टाकला. "मीठ कमी." मग माझ्याकडे वळली. इतके दिवस मला हात जोडून नमस्कार करायची ती.

"काय वं, तुह्या घरी गहू भिजले अन् मले पत्ता नाई? तोंडाले कुलूप लावलं होतं का? आमी का जोतिषी हावो?"

मी म्हटलं, "आमच्याकडे बोलावत नसत. वासावर येत बायका."

"ते मातीच्या घरात, वं. इथं आठ घरचे वास. कोनाचं गटार, कोनाचं लसून, कोनाचं काय. तुह्याच गव्हाचा वास कसा ओयखाव?" ती खाली बसली, गुडघा दोन्ही हातांनी धरून. "अन् आमी कायले येऊ बिनबोलावता? आमाले वाटलं, ही मोठी बाई, मोठी भाषा बोलते, आपुन गेलो तं म्हनीन कायले आल्या. हे सांग आंधी, तू राह्यतं का जातं?"

हाच प्रश्न सगळ्यांनी विचारला होता. मी दर वेळी सांगितलं होतं, मी कायमची आले आहे. आता तोंड उघडलं आणि काय झालं माहीत नाही, बेकरीच्या, मंडळाच्या, सगळ्या वर्षांच्या खालून आमच्या आळीतलं आलं.

"राह्यतो न वं. कुठी जातो आता?"

"हां. मंग असं सांग ना. इतके दिवस इंग्रजीत सांगून राहिली."

इंग्रजीत! मी हसले, पण डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते बघितलं आणि सुनेवर ओरडली, "उभी काय राह्यली, दाब तो सोऱ्या, गोटा होऊन राहिला चीक!"

अर्ध्याहून जास्त चीक वाया गेला होता. सुनेने दाबून दाबून थोड्या कुरडया घातल्या, उरलेल्याच्या आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी हाताने तोडून चिकवड्या टाकल्या, वेड्यावाकड्या. चहा गार झाला होता, तोच प्यायलो. आठ वाजता सून डब्यांकरता खाली पळाली, आणि सासू जाताना म्हणाली, "मंगयवारी माह्याकडे उडदाचे पापड. पोयपाट-बेलनं आपलं आपलं आनाचं."

मंगळवारी गेले. हे बोलावणंच होतं, आणि ते मी मुकाट्याने घेतलं. खाली मांडी घालून बसले, उठताना दोघींनी ओढून उठवलं. पहिला पापड लाटून टाकला तर भाभींनी तो उचलून उन्हाकडे धरला. "हा पापड हाये का भाकर? याच्यातून तं सूर्य बी नाई दिसत." सगळ्या हसल्या. सासू म्हणाली, "कॅनडात बर्फ जाड पडते, तिले तीच सवय." पुन्हा हसल्या. मीही हसले. दुसरा पापड जरा बरा झाला, तिसरा फाटला.

त्या आपसात बोलत होत्या ते निम्मं मला कळत नव्हतं. कोणाची नणंद, कोणाच्या दिराची भानगड, मागच्या वर्षी कोणाच्या कुरडयांवर पाऊस आला. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मी नुसती मान हलवत होते. मध्येच मला आमच्या आळीतल्या बाया आठवायच्या, वासावर येणाऱ्या. त्यांतली एकही आता नाही. या बाया त्या नाहीत, आणि मीही त्यांच्यासाठी कोणी जुनी नाही. वास ओळखण्याइतकं एकमेकींना ओळखायला फार वर्षं लागतात, आणि तेवढी माझ्याकडे आहेत की नाही, देव जाणे. हे मला तिथे लाटता लाटता कळलं. कोणाला सांगितलं नाही. पीठ घट्ट होतं, लाटत राहिले.

संध्याकाळी वर आले. कुलूप काढलं. तळहात पापडखाराने चुरचुरत होते, बोटं मिटत नव्हती. "लय काम झालं वं आज," मी मोठ्याने म्हटलं. घर गप्पच. शेंगदाण्याचं तेल वाटीत घेतलं आणि डाव्या हाताने उजवा चोळला, उजव्याने डावा. मग पोळपाट घासून बाल्कनीत उभा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी भाभींकडे शेवया होत्या.